गाडीतल्या चिमण्यांबाबत खुलासा

बोरगाव मेघे, वर्धा
१७ मार्च १९८५

साबणाच्या डबीत बसवलेला दोन ट्रान्झिस्टरचा रेडिओ. कापसाच्या जिनिंगचा भोंगा वेळेवर वाजवणारे आणि वेळेवर गप्प करणारे घड्याळ. रोहण्याच्या भजनी मंडळाची सागवानी साऊंडपेटी. दार उघडले की आत दिवा लागणारे कपाट (दार लावल्यावर तो खरोखर विझतो की नाही हे आत बसून पाहिलेला मनुष्य मीच). आणि तो कूलर, ज्याला तुम्ही 'विमान' म्हणता आणि ज्याच्यासमोर भर मे महिन्यात पांघरूण मागता. हे सर्व कोणत्याही गुरूवाचून, कोणत्याही कोर्सवाचून, या दोन हातांनी बनवणाऱ्या रूपरावाचा, त्याचे थोरले मेहुणे महादेवराव यांना सप्रेम नमस्कार.

नमस्काराच्या आधी यादी आली, याचे कारण तुमचे मागचे कार्ड. "रूपरावजी, दोन महिने झाले, काम झेपत नसेल तर संकोच करू नका, इथे सदरला एक मेकॅनिक आहे," असे तुम्ही लिहिलेत. कार्ड उघडे असते, महादेवराव. ते पोस्टमनने वाचले, पोस्टमनकडून तानाबाईने ऐकले (आमच्या शेजारच्या, बकरीवाल्या, त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल), आणि माझ्या हाती पडण्याआधी अर्ध्या बोरगावला कळले की जिनिंगच्या रूपरावाला टेप बसवणे झेपत नाही. पुढच्या वेळी असले काही मनात आले तर पाकीट वापरावे. असो. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? नलू लग्नाच्या आनंदात आहे की धास्तीत? इकडे तुमची बहीण शकू ठणठणीत आहे, मी होतो तसाच आहे, आणि तुमची फियाट आमच्या अंगणात कडुलिंबाखाली सुखरूप आहे. झाडावरच्या चिमण्या तिच्या टपावर जे करतात ते मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो. हा उल्लेख मी उपकार म्हणून करत नाही, नोंद म्हणून करतो.

आता कामाचे. काम साधे नव्हते, हे आधी समजून घ्या. नुसता टेप बसवून गाणी वाजवायची असती तर ते तुमच्या सदरच्या मेकॅनिकनेही केले असते. पण नलूची अट वेगळी. लग्न लागल्यावर आर्वीला सासरी जाताना तिला गाडीत सिनेमाची गाणी नकोत, रोहण्याच्या मंडळाचे भजन हवे. कारण त्यात तिच्या आजोबांची खंजिरी आहे. म्हणजे तुमच्या वडिलांची, माझ्या सासऱ्यांची, कैलासवासी वासुदेवरावांची. पोरीने मागून मागितले काय, तर आजोबांचा हात. यावर मी 'झेपत नाही' म्हणेन असे तुम्हाला वाटलेच कसे? बरे, खंजिरी म्हणजे काय? अर्धे कातडे आणि अर्धे पितळ. कातड्यावरची थाप कोणताही मोठा स्पीकर वाजवतो. पण कडेच्या त्या पितळी चकत्यांची छनछन मोठ्या स्पीकरच्या घशातून निघत नाही. तिच्यासाठी बारीक, टोकदार आवाज काढणारे वेगळे छोटे स्पीकर लागतात. त्यांना दुकानदार ट्वीटर म्हणतात. मी चिमण्या म्हणतो. (मोठ्याला मी घुम्या म्हणतो. आपल्या भाषेत चांगली नावे असताना दुसऱ्याची तोंडे का वाकडी करायची?) चिमण्या बरोबर बोलल्या तर वासुदेवराव गाडीत येऊन बसतील, नाही बोलल्या तर कोणीतरी गादी झोडपते आहे एवढेच कळेल.

ते रेकॉर्डिंग मीच केलेले, हे तुम्हाला ठाऊक आहेच; तुम्ही त्या दिवशी तिथे होता आणि त्यानंतर दर दिवाळीला ती गोष्ट चारचौघांत सांगत आला आहात. तरी तुमच्या सांगण्यात मीठमसाला फार असतो म्हणून माझ्या बाजूने एकदा लिहितो. मंडळी रोहण्याला तुमच्या घरच्या ओसरीवर बसलेली. मागे बाया. त्यांत आमच्या सासूबाई मनकर्णाबाई (आता त्याही नाहीत) हाताने ताल धरून, आणि प्रत्येक तालाला त्यांच्या बांगड्यांची किणकिण थेट माझ्या माईकमध्ये. मी त्या वेळी नवा जावई होतो, पण त्याआधी मी रेकॉर्डिंग करणारा होतो. मी नम्रपणे विचारले की, बाई, तेवढ्या बांगड्या काढून ठेवता का? एवढेच. समोर सासरे मांडी घालून, हातात खंजिरी घेऊन, चांगले हयात बसलेले आहेत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात राहिले नाही. ओसरीवर असे काही गप्प झाले की त्यानंतर तितकी स्वच्छ शांतता मला कोणत्याही रेकॉर्डिंगला मिळाली नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "जवाई, तुमचं यंत्र काढा. बांगड्या नाई निंघत." वासुदेवराव हसले, त्यांनी थाप मारली, आणि भजन बांगड्यांसकट टेपवर गेले. पुढे कित्येक सण माझ्या पुरणपोळीवर तूप बेताचेच पडले. तुम्ही सांगता तसे मी पाया पडलो नव्हतो. वाकलो होतो, कारण वायर उचलायची होती.

तर चिमण्या. टेप आणि घुम्ये बसवून झाल्यावर मी तुम्हाला लिहिले की, "नागपुरात चांगल्या दुकानातून दोन चिमण्या पाहून घ्या, एकसारख्या, आणि एस.टी.ने पाठवा." यात न समजण्यासारखे काय होते? आठ दिवसांनी पार्सल आले. आत गवतात गुंडाळलेल्या, पितळी टाकीच्या, घासलेटवर जळणाऱ्या दोन चिमण्या. एकसारख्या, हे खरे. एकीची काच फुटलेली. सोबत तुमची चिठ्ठी: "लाईट फार जातो वाटतं तुमच्याकडे. वाती जास्तीच्या टाकल्या आहेत." महादेवराव, गाडीसाठी मागवलेल्या चिमण्या जळणाऱ्या कशा असतील? फियाट काय बैलबंडी आहे, खाली कंदील बांधायला? शकू मात्र खूश झाली. लाईट गेला की ती दोन्ही लावते आणि म्हणते, "दादानं आठवण ठेवली बाप्पा." मी त्या उजेडात जेवतो.

शेवटी मीच नागपूरला आलो आणि आपण दोघे बर्डीवरच्या त्या दुकानात गेलो. तिथे काय घडले ते तुम्ही अर्धेच पाहिलेत, कारण अर्ध्यातून तुम्ही पान खायला बाहेर निघून गेलात. दुकानदाराने तीन जाती दाखवल्या. पहिली कागदी पडद्याची. ती बाजूला ठेवा, तो ट्रान्झिस्टरचा माल. दुसरी रेशमी घुमटाची, बोरासारखी गोल, महाग. दुकानदार तिची फार तारीफ करत होता की, साहेब, गोड बोलते. मी ती वाजवून घेतली. गोड काय, ती बोलतच नव्हती. मी कान अगदी लावून पाहिला. पडद्याला बोट लावले तर थरथर लागे, पण आवाज म्हणाल तर झोपेत कुजबुजल्यासारखा. तिसरी पितळी तोंडाची, पिपाणीसारखी. ती लावल्याबरोबर मला पहिल्यांदा काहीतरी ऐकू आले. बारीक, पण आले. मी दुकानदाराला म्हणालो, वाढवा. त्याने वाढवले. मी म्हणालो, अजून. तेव्हा एक बाई लेकराला उचलून दुकानाबाहेर गेली, काउंटरवरचा मनुष्य डोळे मिटून उभा राहिला, आणि तुम्हाला पानाची आठवण झाली. मी मनात म्हटले, नागपूरकरांचे कान नाजूक. पिपाण्यांची जोडी मी माझ्या पैशाने घेतली आणि परतीच्या एस.टी.त मांडीवर धरून आणली.

बसवण्याचा तपशील देतो, कारण सदरचा मेकॅनिक असे करत नाही. एक: चिमणीला सरळ तार जोडत नाहीत. मधे एक कंडेन्सर घालावा लागतो. तो चौकीदारासारखा जाड आवाजाला दारात अडवतो आणि बारीक तेवढा आत सोडतो. चौकीदार फार ढिला असला तर चिमणी जळते, फार कडक असला तर उपाशी मरते. मी वेगवेगळे चौकीदार लावून पाहिले. दोन: तारांची दिशा. एका बाजूची तार उलटी लागली की एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि गाणारा माणूस समोर बसायचे सोडून डिकीत जाऊन बसतो. (पहिल्या दिवशी आमचे बुवा डिकीतच होते. दुपारपर्यंत त्यांना पुढे आणले.) तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे: तोंड कोणीकडे. बारीक आवाज काठीसारखा सरळ जातो, जाड आवाजासारखा कोपऱ्याला वळत नाही. म्हणून दोन्ही चिमण्या चालवणाऱ्याच्या कानाकडे नेमक्या रोखाव्या लागतात. आता गाडी चालवणार तुम्ही, आणि तुम्ही बसल्या उंचीने माझ्यापेक्षा चार बोटे कमी. (उभ्याने नाही; बसल्यावर तुम्ही जरा जास्तच खाली जाता.) म्हणून मी तुमच्या सीटवर जिनिंगमधून आणलेले सरकीचे पोते ठेवले, त्यावर मानेच्या ठिकाणी पाटा, पाट्यावर एक मध्यम कोहळा, आणि कोहळ्यावर तुमची संक्रांतीला इथे विसरलेली टोपी. कानाच्या जागी दोन बारीक खिळे ठोकले आणि तिथून चिमणीपर्यंत सुतळी ताणून दोन्हीकडचे अंतर एक केले. काम शास्त्रशुद्ध झाले. अडचण एवढीच की काच वर होती, आणि येणारे-जाणारे कोहळ्याला नमस्कार करू लागले. पोस्टमन म्हणाला, महादेवराव आले वाटते, तब्येत सुधारली. तानाबाई तर दोन दिवस पदर सावरून जात होत्या, आणि तिसऱ्या दिवशी शकूला म्हणाल्या, "तुह्या भावाले गर्व लई चढला गाडीचा. बोलत नाई, निस्ता पाह्यते." मी खुलासा केला नाही. तुमचा मान वाढत होता.

मग जुळवणी. कानाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: जिनिंगमध्ये मला बावीस वर्षे झाली. सगळी मशीने चालू असताना, शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही अशा त्या गदारोळात, कोणती बेअरिंग आज रडते आहे आणि कोणती उद्या रडणार हे मी दारातून सांगतो. मालक पाहुण्यांना मला दाखवतात. "याचा कान पाहा," म्हणतात, आणि पाहुणे खरोखरच कान पाहतात. अशा कानाने मी जुळवायला बसलो, भजन लावले, थाप आली, बुवा आले, घुम्ये झकास. आणि छनछन नाही. पितळ नाही. वासुदेवराव गादी झोडपताहेत. मी चिमण्यांचे बटण अर्धे उघडले. नाही. पुरे उघडले. नाही. कंडेन्सर बदलला, तारा बदलल्या, टेपचे हेड स्पिरिटने पुसले, कॅसेट दोषी ठरवून तिची दुसरी प्रत काढली. चौथ्या दिवशी तानाबाई कुंपणाशी आल्या. "रूपरावभाऊ, हे काय लावलं हो तुमी? माही बकरी दावं तोडून पळाली. दूध नाई देऊन राह्यली." मी त्यांना समजावले की बकरीचा आणि कंडेन्सरचा संबंध नाही. त्या म्हणाल्या, "मंग माह्या दातायचा हाये का?" आणि निघून गेल्या. आता अडाणी माणसाशी काय बोलायचे? त्याच दिवशी मी बर्डीच्या त्या दुकानदाराला चार पानी पत्र लिहिले की तुम्ही मुक्या पिपाण्या विकता.

एकूण हे वर्षच मुकाट्याचे आहे. तुमच्याकडे नागपुरात जाणवते का माहीत नाही. रेडिओवरचे बातम्या देणारे पूर्वीसारखे खणखणीत राहिले नाहीत, तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलतात. सुपारीवरून आठवले, शकूसुद्धा अलीकडे पुटपुटते. परवा बाजाराला निघालो तर म्हणाली, दुपारी आणा. मी म्हणालो, दुपारी काय आणू ते तर सांग. ती म्हणाली, दुपारी. असे तीनदा झाले. शेवटी तिने पानाचा डबा उघडून रिकामा खण दाखवला, तेव्हा कळले की सुपारी म्हणते आहे. स्पष्ट बोलायला काय होते? आणि झाडावरच्या चिमण्या, खऱ्या, पंखांच्या: यंदा त्यांनी आवाज सोडला. फांदीवर बसतात, चोची उघडतात, मिटतात, आवाज नाही. कपाशीवर फवारे फार झाले, त्याचा परिणाम असावा. मी शेतकी खात्याला कळवणार होतो.

असो. सांगायचा मुद्दा, दोष अखेर सापडला. तो कंडेन्सरमध्ये नव्हता, तारेत नव्हता, तुमच्या गाडीतही नव्हता. कुठे होता हे लिहून पत्र लांबवत नाही. त्यावर इलाज केला एवढे पुरे. गाडी आता अशी वाजते की काल इथले बबनराव (बस स्टँडजवळ मोटारीच्या सामानाचे दुकान आहे त्यांचे) मुद्दाम ऐकायला आले, कोहळ्याच्या शेजारी बसले, डोळे मिटले, आणि भजन संपले तरी उघडेनात. मला वाटले झोप लागली. पण उठून माझा हात हातात धरून म्हणाले, "रूपरावजी, कान पाहिजे तर असा. बाकी लोकाईले निस्ती भोकं हायेत." हे मी नम्रतेने इथे नोंदवतो. पुढच्या रविवारी गाडी नेण्यास यावे. वहिनींना नमस्कार, नलूला आशीर्वाद.

आपला,
रूपराव

ता. क. : पाकीट बंद करण्याआधी शकूने पत्र वाचायला मागितले. चष्मा लावून सगळे वाचले, कोहळ्यापाशी हसली, आणि शेवटी म्हणाली, "सारं लिवलं, आन् खरं तेवढं काऊन नाई लिवलं?" म्हणून लिहितो. ती समोर बसली आहे.

मागच्या सोमवारी ती चहा घेऊन गाडीपाशी आली, कोहळा मागच्या सीटवर ठेवून पोत्यावर बसली. मी भजन लावले. पिपाण्या पुऱ्या उघडलेल्या. पहिल्याच थापेला तिने दोन्ही कान झाकले. "अवं माय! दात आंबून राह्यले माहे. बंद करा ना!" मी म्हणालो, बंद काय करायचे, चिमण्या तर मेलेल्या आहेत, छनछन कुठे आहे? तिने टेप बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग विचारले, "आता काय आयकू येऊन राह्यलं तुमाले?" मी म्हणालो, काही नाही, शांत आहे. "झाडावर?" मी वर पाहिले. चिमण्या होत्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मी तिला फवाऱ्यांचे सांगितले, त्या मुक्या झाल्याचे सांगितले. मग अगदी हळू, पण माझ्याकडे तोंड करून, प्रत्येक अक्षर सुटे करून म्हणाली, "आवो, त्या तं पहाटपासून कल्ला करून राह्यल्या."

चहा गार झाला. तो मी तसाच प्यालो.

दुसऱ्या दिवशी पिपाण्या काढल्या. आता रेशमी जोडी कुठून आणावी या विचारात गाडीचा पुढचा खण उघडला, तर आत तुमच्या रुमालात गुंडाळलेली तीच जोडी, बर्डीच्या दुकानाच्या पावतीसकट. म्हणजे तुम्ही पान खायला गेला नव्हता, आणि नंतर एकदा गाडी पाहायला म्हणून इथे येऊन गेलात ते हे खणात ठेवायला. म्हणजे तुम्हाला दुकानातच कळले होते, आणि इतके दिवस तुम्ही मला ते सांगितले नाही. वर उघड्या कार्डावर मेकॅनिक सुचवून मला चिडवत बसलात, म्हणजे मी ईर्ष्येने गाडीचा कानाकोपरा तपासेन आणि खण उघडेन. महादेवराव, चिमण्या मागवल्या तर कंदील पाठवणारे गृहस्थ तुम्ही आहात असे मी समजत होतो. कंदीलसुद्धा मुद्दाम होते काय, ते आता विचारत नाही.

जुळवणी शकूने केली. बटणावर हात माझा, कान तिचा. मला वाटले होते ती 'जास्त' किंवा 'कमी' एवढेच सांगेल. पण भजन सुरू झाले तशी ती पोत्यावर ताठ बसली. "मायच्या बांगड्या," म्हणाली. "थांबा. पत्र्याच्या वाटून राह्यल्या. काचेच्या करा." मी बटण जरासे मागे घेतले. "अजून." मग चिमणीचे तोंड काचेकडून थोडे वळवायला लावले. मग एकदम माझा हात धरला. "बस. आता हलवू नोका." कितीतरी वेळ ती ऐकत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ज्या बांगड्या काढायला सांगून मी ओसरी गप्प केली, त्या माझ्याच टेपवर, माझ्याच हातांनी बसवलेल्या गाडीत वाजत होत्या, आणि मला शकूच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्या हिरव्या आहेत.

नलूला सांगा, आजोबांच्या मागे आजीही येते आहे. सासूबाईंचा शब्द खरा ठरला, बांगड्या निघाल्या नाहीत.

ता. क. दुसरे, आणि हे पत्र ज्यासाठी लिहिले ते : नागपुरात कानाचा एखादा चांगला डॉक्टर पाहून ठेवावा. मी रविवारी तुमच्याबरोबर गाडीतूनच येतो. लग्नाआधी दाखवून घेतो, कारण नलू सासरी निघताना काहीतरी बोलेल, ते हळू बोलेल, आणि ते मला शकूकडून ऐकायचे नाही. इथे कोणाला सांगू नये. विशेषतः कार्डावर लिहू नये. जिनिंगच्या मालकांना तर मुळीच कळता कामा नये, त्यांच्याकडे पाहुणे येत असतात. डॉक्टरला मी काय काम करतो ते सांगितले तर चालेल, पण रेडिओ मी स्वतः बनवतो हेही सांगावे, नाहीतर तो मला साध्या भाषेत समजावत बसेल. बर्डीच्या दुकानदाराला माझ्या वतीने जाऊन सांगावे की चार पानी पत्र फाडावे. पिपाण्या रोहण्याला शेतावर पाठवा. ज्वारीवरची पाखरे उडवायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. तानाबाईंची बकरी पुन्हा दूध देऊ लागली आहे. कोहळ्याची शकूने भाजी केली. टोपी धुऊन ठेवली आहे.

ता. क. शेवटचे : बबनरावांचे राहिले. काल डोळे उघडल्यावर ते मला दुकानात घेऊन गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत ते गाड्यांना टेप बसवण्याचे काम सुरू करणार आहेत, आणि बाहेर पाटी लावणार आहेत: 'येथे रूपरावांच्या कानाने जुळवून मिळेल.' पाटी रंगवायला टाकली होती, त्यांनी मला कच्ची आखलेली दाखवली. माझे नाव लाल अक्षरांत होते. चांगले दिसत होते. मी म्हणालो, पाटीवर 'शकुबाईंच्या कानाने' असे लिहा. ते पोट धरून हसले, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि रस्त्याकडे तोंड करून पगाराचा आकडा सांगितला. समोरून ट्रक जात होता, आणि आकड्यात बहुधा स किंवा श असावा. मला काही कळले नाही. मी म्हणालो, काय? त्यांचा चेहरा पडला. त्यांनी दुसरा आकडा सांगितला. मी पुन्हा म्हणालो, आँ? बबनराव मला म्हणाले, लई पक्के हो तुमी; ते मात्र स्पष्ट ऐकू आले. मग त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या कानाशी तोंड आणले, आणि तिसरा आकडा असा ओरडून सांगितला की फुटपाथवरचा चहावालाही वळून पाहू लागला. जिनिंगमध्ये मला याच्या निम्मे मिळते. गाडीपाशीच पाटीचा विषय निघाला तेव्हा शकू म्हणाली होती, "मी येते ना संग, पाटीवर कोनाचं बी नाव लिवू द्या." पण पाटीवर माझा कान लिहून आत तिला बसवायचे, हे माझ्या हातून होणार नाही. मी नाही म्हणालो. दरमहा बाराशे रुपये.